लॅब्रॅडॉर, वय 10, मागचे पाय धरलेत. गोळ्या जन्मभर द्याव्या लागतात का?

रामबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आहे, येत्या चैत्रात 10 पूर्ण होतील. वजन 41 किलो. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हापासून सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो, मग मागचं धड ओढून वर घेतो आणि पहिली आठ-दहा पावलं लाकडासारखी टाकतो. चालायला लागला की मोकळा होतो, म्हणून महिनाभर आम्ही थंडीचं आहे, जाईल, असंच म्हणत राहिलो. तो कधी ओरडला नाही, जेवण सोडलं नाही. मला कळलं ते त्याच्या नखांवरून. मागच्या डाव्या पायाची मधली दोन नखं पुढून घासून सपाट झाली होती आणि कोटा फरशीवरून जाताना खर्र-खर्र आवाज यायचा. मग नीट पाहिलं तर डावी मांडी उजवीपेक्षा हाताला बारीक लागत होती.

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना हिप डिस्प्लेसिया निघाला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही, वर्षानुवर्षं हलत-घासत राहतो, त्यातून आता संधिवात झालाय. रक्त तपासून मेलॉक्सिकॅम, म्हणजे सूज-वेदनेची गोळी, सुरू केली. पाचव्या दिवशी बंड्या स्वतःहून फाटकापर्यंत पळत गेला. दहा दिवसांनी गोळ्या संपल्या, बरा वाटतोय म्हणून आम्ही पुन्हा आणल्या नाहीत. चौथ्या दिवशी परत तेच.

खरी अडचण घराची आहे. घर जुनं, 19 पायऱ्यांचा अरुंद दगडी जिना. माझे सासरे, आप्पा, 79 वर्षांचे, वर राहतात. बंड्या पिल्लू असल्यापासून त्यांच्या खाटेखाली झोपतो. सासूबाई गेल्यापासून तर दोघांना एकमेकांशिवाय झोप नाही. आता तो रात्री जिन्यापाशी येतो, पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवतो आणि तसाच वर बघत थांबतो. वरून आप्पा हाक मारत असतात. मी आणि हे त्याला चादरीत घालून वर नेतो, सकाळी खाली आणतो. परवा यांच्या कंबरेत उसण भरली.

गोळ्या कायमच्या चालू ठेवायच्या का? मूत्रपिंडावर परिणाम होतो असं शेजारी सांगतात. फिरवायचं की आराम द्यायचा? महानारायण तेलाने मालीश केलं तर चालेल का? आणि जिन्याचं काय करू? बंड्याला खाली ठेवलं तर तो रात्रभर जिन्याशी बसून राहतो, झोपत नाही.

सुदामानगर (इंदूर)

ताई, तुमचं वाचून आमची राणी डोळ्यांसमोर आली. जर्मन शेफर्ड, हाच आजार, नवव्या वर्षी कळला. त्यानंतर साडेतीन वर्षं ती आमच्याजवळ चांगली राहिली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी वजन. 41 किलो हे फार झालं. तुमच्या हाताची मूठ न वळता पंजा सरळ धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पंजाच्या वरच्या बाजूवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी आहे, वळलेल्या मुठीवरच्या हाडांसारखं टोचलं तर कुत्रं वाळलंय. राणीच्या बरगड्या मला शोधूनही सापडत नव्हत्या. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिला दाखवायला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी मला विचारलं, ही दिवसभरात काय काय खाते ते मोजून सांगा. आम्ही घरी वही केली. तीन दिवसांत लक्षात आलं की जेवणाच्या चार पोळ्या ठरलेल्या, पण आई देते दोन, मुलगा डब्यातली उरलेली देतो, संध्याकाळी चहाबरोबर शेव, रविवारी पोह्यांबरोबर जिलबी. प्रत्येकाला वाटायचं आपण एवढंसंच दिलं.

मग एकच भांडं ठरवलं. दिवसाचं सगळं खाणं सकाळी त्यात मोजून काढायचं, ज्याला लाड करायचाय त्याने त्यातलंच उचलून द्यायचं. पोळ्या दोनवर आणल्या, पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून दुधीभोपळा आणि लाल भोपळा उकडून, मीठ-फोडणी न घालता. चिकन उकडलेलं, कातडी काढून. वजन करायला आम्ही मंडईतल्या धान्यवाल्याकडे जायचो, त्याच्या मोठ्या काट्यावर ती छान उभी राहायची. चार महिन्यांत 38 वरून 33. ताई, गोळी बदलून जो फरक पडला नव्हता तो या पाच किलोंनी पडला.

दुसरं फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय बाहेर फाकतात आणि त्या एका घसरण्यात आठवड्याची कमाई जाते. सतरंजी टाकून भागत नाही, सतरंजीच सरकते. खाली रबरी जाळी घालून वर जाड सतरंजी, अशी आम्ही तिच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत वाटच केली होती. पंज्यांच्या गाद्यांमधले केस दर पंधरा दिवसांनी कातरायचे. नखं फरशीवर वाजत असतील तर ती लांब आहेत.

फिरवणं बंद करू नका. रविवारी एकदम तासभर आणि बाकी दिवस काही नाही, असं मात्र नको. आम्ही दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं नेत असू, रेसिडेन्सीकडच्या झाडांखालच्या कच्च्या कडेने, मातीवर, हळू. मालकाने सावकाश चाललं की कुत्र्याला चारही पाय टेकवावेच लागतात. भरभर नेलं तर ते दुखरा पाय वाचवत उड्या मारत येतं आणि आपल्याला वाटतं किती छान पळतंय.

शेक जरूर द्या. आमची आई जाड मीठ तव्यावर तापवून पुरचुंडी करायची, दोन पदरी फडक्यात, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. खुब्यावर दहा मिनिटं, फिरायला नेण्याआधी. थंडीत याने फार उतार पडायचा. पुरचुंडी फुटून मीठ कुत्र्याने चाटायला नको, एवढं बघा.

जिन्याबद्दल. चादरीत घालून नेणं तुमच्या दोघांच्याही कंबरेला वाईट आणि त्याच्याही. जाड टॉवेल मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली घालून दोन्ही टोकं वर धरली की मागच्या धडाचं ओझं आपल्या हातात येतं, पायऱ्या तो स्वतः चढतो. दोन-तीन पायऱ्यांना हे उत्तम. 19 पायऱ्या रोज दोनदा, हे मी तरी करू नका म्हणेन.

अलकापुरीची मावशी (बडोदा)

अगं, बाकी सगळं सांगितलंच आहे यांनी. मी फक्त आमच्याकडून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्या घरात कुणी करणार नाही. आमची स्पिट्झ, सोनी, 8 किलोची. रविवारी दवाखाना बंद, ती पाय टेकेना, म्हणून माझ्या गुडघ्याची आयबुप्रोफेनची अर्धी गोळी मी तिला गुळात घालून दिली. रात्री परत अर्धी. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी शी डांबरासारखी काळी. पोटात रक्तस्राव झाला होता. पाच दिवस सलाइन, ती वाचली, पण तिचे मिटलेले डोळे मला अजून दिसतात. आपल्या माणसांच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, काहीही, अंदाजाने कुत्र्याला द्यायच्या नाहीत. आप्पांनाही हे नीट समजावून सांग, म्हातारी माणसं मायेपोटी देतात.

आणि दुखण्यावरचे बामसुद्धा नकोत. ते चाटतातच.

गुरांचा डॉक्टर (देवास)

मी महूलाच शिकलो, आता कुत्री-मांजरंही बघतो. काही गोष्टी जोडतो.

ताई, गोळ्या तुम्ही बंद केल्या आणि त्रास परत आला, यात आश्चर्य नाही. झिजलेली कूर्चा परत येत नाही, गोळी सूज आणि वेदना उतरवते, तेवढंच तिचं काम. पण तेवढंही मोठं आहे. वेदना असली की कुत्रं पाय वापरत नाही, वापरला नाही की मांडीचा स्नायू उतरतो आणि स्नायू उतरला की सैल खुब्याला धरून ठेवणारं काही राहत नाही. तुमच्या हाताला डावी मांडी बारीक लागली ती यामुळे. म्हणून थंडीचे दोन-तीन महिने तरी गोळी सलग चालू ठेवून, वजन उतरल्यावर कमीत कमी मात्रा किती पुरते ते तुमच्या डॉक्टरांसोबत ठरवा. रक्तातलं यकृत-मूत्रपिंड ठरावीक काळाने तपासत राहा. गोळी जेवणाबरोबर द्या. उलटी, जुलाब, काळी शी, खाणं सुटणं, यांतलं काही दिसलं तर गोळी तिथेच थांबवून फोन करा. खाज-बिज सुटली म्हणून दुसऱ्या कुणी स्टेरॉइड दिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

मूत्रपिंडाची भीती खोटी नाही. पण तपासणी करत दिलेली गोळी आणि रोजचं दुखणं यांत दहा वर्षांच्या कुत्र्यासाठी मी गोळी निवडेन.

वजनाबद्दल सुदामानगरवाल्यांनी लिहिलं त्याला आधार आहे. लठ्ठ, लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन जेमतेम 6 टक्के उतरलं तेव्हाच लंगडणं मोजण्याइतकं कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय. बंड्यासाठी 6 टक्के म्हणजे अडीच किलो. आणि लॅब्रॅडॉरवरच झालेला एक अभ्यास 2002 साली छापून आला होता. 48 पिल्लं, जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी साधारण 13 वर्षं जगली, भरपेट खाणारी 11.2 वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. मी हे दवाखान्यात रोज सांगतो, आणि लोक मान हलवून त्याच संध्याकाळी बिस्किटाचा पुडा फोडतात. वाईट वाटतं.

सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामीनच्या पुड्यांवर फार पैसे घालू नका, पुरावा कच्चा आहे. माशांच्या तेलाला, म्हणजे ओमेगा-3 ला, बरा पुरावा आहे, पण कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. तेलातल्या उष्मांकाइतकं खाणं कमी करा. महानारायण तेलाचा उपयोग हात फिरवण्यापुरता. हात कोरडाच फिरवा, तो तेल चाटून पोटात घेईल.

आता नखांचं. ते वाचून मी थांबलो. नखं पुढून घासतात ती पाय पूर्ण उचलला जात नाही म्हणून. खुब्याच्या दुखण्यातही होतं, पण कधी मणक्यातली नस दाबलेली असते. बंड्याला उभा करून, पोटाला आधार देऊन, मागचा पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवा. निरोगी कुत्रं क्षणात सरळ करतं. तसाच ठेवून राहिला तर डॉक्टरांना लवकर दाखवा, उपाय वेगळा असतो.

आणि गोचिड्या. आज हा पाय, दोन दिवसांनी दुसरा, अंगात ताप, हिरड्या फिक्या, असं दिसलं तर सांधे एर्लिकियाने, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या जंतूने, सुजलेले असू शकतात. आपल्या भागात म्हातारा झाला म्हणून सोडून दिलेली कितीतरी कुत्री मी गोचीडतापाची निघालेली पाहिलीत. रक्तात प्लेटलेट कमी दिसतात, आणि वेळेवर औषध दिलं तर ती बरी होतात.

रामबागवाली (इंदूर)

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

पंजा उलटा ठेवून बघितला. उजवा लगेच सरळ केला, डावा एक-दोन सेकंद रेंगाळला. डॉक्टरांकडे परत गेलो, त्यांनी मणका नीट तपासला, तिथे दुखत नाही, अशक्तपणामुळेच असावं म्हणाले, महिन्याने पुन्हा बघणार आहेत. प्लेटलेट ठीक आहेत. गोळी चालू आहे.

वही केली. मावशी, म्हातारी माणसं मायेपोटी देतात, हे तुमचं खरं होतं. आप्पा दुपारी त्याला साजूक तुपातली अख्खी पोळी द्यायचे, रोज, आणि मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांना 48 कुत्र्यांचं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच स्वयंपाकघरातून एक पितळी वाटी नेली आणि म्हणाले, याचं जे काय असेल ते यात मोजून मला द्या, मीच खाऊ घालतो. काल काट्यावर 38.4 भरला.

जिन्याचा निर्णयही त्यांनीच घेतला. आम्ही दोघं महिनाभर बंड्याला वर कसं न्यायचं याचाच विचार करत होतो. एका रात्री आप्पा उशी काखेत घेऊन, कठडा धरून खाली आले आणि माजघरात सतरंजीवर आडवे झाले. म्हणाले, मी तरी या पायऱ्या अजून किती दिवस चढणार आहे. दुसऱ्या दिवशी खाट खाली आणली. उंचीला कमी पडत होती, बंड्याला वाकून आत शिरावं लागू नये म्हणून सुताराकडून खुरांना चार इंचांचे लाकडी ठोकळे लावून घेतले. खाली जुन्या दोन गोधड्या एकावर एक.

सकाळी उठताना आप्पा आधी त्याच्या खुब्यावर मिठाची पुरचुंडी धरतात, मग दोघं अंगणात जातात. पहिली पावलं अजून जड पडतात, पण आता तीन-चारच. गल्लीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत जाऊन येतात, मातीच्या बाजूने.

एक विचारायचं राहिलं. गाद्यांमधले केस कातरताना तो पाय ओढून घेतो, मागचे पाय तर धरूच देत नाही. आडवा झोपवून कापू की उभा असताना?