मदत हवी आहे: आजोबांच्या पेटीतलं ट्रामचं तिकीट

नमस्कार मंडळी. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, पोथीच्या पानांत जपून ठेवलेलं मुंबईच्या ट्रामचं एक तिकीट सापडलं. बोटभर रुंदीचं, पिवळं पडलेलं, कंडक्टरने पंच केलेलं भोक अजून स्वच्छ दिसतंय. त्यावर 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' असं छापलंय.

म्हणजे ते ऑगस्ट १९४७च्या आधीचं असणार, कारण तेव्हा पालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि नावातल्या 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आलं. घोड्यांची ट्राम १८७४पासून होती, पण ती वेगळ्या कंपनीची. विजेवरची १९०७ला आली. आजोबा मुंबईत आले १९३८ला. त्यामुळे मधली नऊ वर्षं उरतात.

भोक पडलंय त्या टप्प्याचं नाव नेमकं घडीवर पुसलं गेलंय, फक्त शेवटचा 'नी' वाचता येतो. पायधुनी असेल का? त्या काळातले ट्रामचे मार्ग आणि त्यांचे क्रमांक कोणाकडे आहेत का? तिकिटाच्या रंगावरून भाडं किंवा साल ओळखता येतं का? घरात कोणी ट्रामवर कामाला होतं, अशांनी तर जरूर लिहा. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली शेवटची ट्राम बघायला आजोबा मुद्दाम गेले होते, म्हणून हे शोधायचंच आहे.