अनुभव धागा : वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन पुन्हा सुरू करताना

बरीच वर्षं उभी असलेली जुनी गाडी हातात आली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून सेल मारायचा. तो आवरा, हे कळकळीने सांगायला आणि तुमचे अनुभव ऐकायला हा धागा काढतोय. सुरुवात मी करतो.

माझी गाडी चार सिलिंडरची पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). विकणारे म्हणाले, "उभी केली तेव्हा चालू होती." खरंच असेल. पण इंजिन थांबतं तेव्हा कुठला ना कुठला वाल्व उघडा राहतो, त्यातून दमट हवा आत शिरते. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑईल तोवर ओघळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा आहेत तिथेच गंजाने धरतात. अशा वेळी सेलचा झटका बसला तर रिंग तुटू शकते. म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढले, भोकांतून थोडं पातळ ऑईल सोडलं आणि मुरू दिलं. मग गिअर न्यूट्रलला आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला लांब दांड्याचा पाना. ढिम्म! जोर वाढवला नाही, पुन्हा ऑईल सोडलं. एका संध्याकाळी पाना केसभर सरकला, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. मग हळूहळू पुढे-मागे करत पूर्ण फेरा बसला.

त्यानंतर ऑईल आणि फिल्टर बदलला. इग्निशनची वायर काढून, प्लग न लावताच, ऑईलचा दिवा विझेपर्यंत सेल मारला. सुरू झाल्यावर निळा धूर येतो, घाबरू नका. सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑईल जळेपर्यंत तो येणारच.

*

छान लिहिलंय. पेट्रोलबद्दल माझी भर. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो, त्याचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकांत, बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर ओलावा ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी साचतं. मी टाकीची लाईन सोडवली आणि लहान डब्यातून ताजं पेट्रोल दिलं. तरी पेट्रोलची आवक थांबवणारी फ्लोटची सुई चिकटलेली निघाली आणि कार्ब्युरेटरवरून पेट्रोल वाहू लागलं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवल्याशिवाय हे काम करूच नये.

*

एअर फिल्टरचा डबा उघडून बघा! आमच्या डब्यात उंदरांचं अख्खं घरटं होतं, चिंध्या आणि धान्याची टरफलं. वायरीही कुरतडलेल्या.

*

टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि वाल्व यांची हालचाल जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्याचा) विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून बेल्ट चांगला, असं नसतं. रबर वयानेही संपतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वाल्ववर आदळतात आणि वाल्व वाकतात, म्हणजे हेड (इंजिनचा वाल्व असलेला वरचा भाग) उतरवणं आलं. माझ्या गाडीचा बेल्ट वरून ठीक दिसत होता, पण उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. तो बदलूनच पहिला सेल मारला.

*

डिझेलवाल्यांसाठी: टाकीत पाणी असेल तर तिथे जंतू वाढून काळपट शेवाळासारखा गाळ धरतो आणि फिल्टर चोंदतो. टाकी धुवा, फिल्टर बदला, हातपंपाने लाईनमधली हवा काढा.

*

ताई, बेल्टचं अगदी पटलं. माझा प्रश्न वेगळा आहे. इंजिन सुरू झालं, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

*

लगेच नको, दादा. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटली असणार. इंजिन गरम करून बंद करा. इंजिन फिरवतं ती चाकं जॅकवर उचला, खाली भक्कम स्टँड लावा आणि गाडी गिअरमध्येच चालू करा. मग क्लच पूर्ण दाबून ब्रेक मारा. बऱ्याचदा प्लेट सुटते. मात्र त्याआधी ब्रेक ऑईल बदललंय ना? तेही वर्षानुवर्षं हवेतलं पाणी ओढत असतं.