डेस्कटॉपवर कोणता ब्राउझर वापरता आणि का?

मोबाइलवर जो आधीपासून असतो तोच बहुतेक जण वापरतात. डेस्कटॉपवर मात्र आपण निवडतो. तुम्ही काय निवडलंत, बदलला असेल तर कशामुळे, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी फायरफॉक्सवर आहे, आणि ते वेगासाठी नाही. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा गाभा, सोडलं, एजने २०२० मध्ये. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे आता क्रोमियमवर, म्हणजे गूगलच्या खुल्या ब्राउझर-कोडवर. फरक उरला तो वरच्या सोयींचा. फायरफॉक्सचं इंजिन, गेको, वेगळं आहे. वेबसाइट एकाच इंजिनावर तपासल्या जाऊ लागल्या तर दुसरं टिकणार कसं? म्हणून मुद्दाम इथे. एखादी साइट अडलीच तर तेवढ्यापुरतं क्रोम उघडते.

*

मला दिसत नाही, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करतो. त्यामुळे ब्राउझर दिसतो कसा यापेक्षा बोलतो कसा हे महत्त्वाचं. २०२३ मध्ये फायरफॉक्स ११३ आला, त्यात ॲक्सेसिबिलिटीचा (स्क्रीन रीडरला पानाची माहिती देणारा) गाभा नव्याने लिहिलेला होता. लांबलचक पानांवर वाचन झटपट होऊ लागलं. 'एच' दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो, 'टी' दाबून तक्ते शोधतो. कुणाला कॉम्प्युटर लावून देत असाल, तर त्याच्या स्क्रीन रीडरसोबत एक फॉर्म भरून बघा आणि मगच ब्राउझर ठरवा.

*

जुना पीसी, विंडोज ७. क्रोमची त्यावरची शेवटची आवृत्ती १०९, २०२३ च्या सुरुवातीची. फायरफॉक्स ईएसआर ११५ या जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षा अपडेट येत राहिले, म्हणून तिकडे गेलो. अपडेट थांबलेल्या ब्राउझरवर बँकेची कामं करू नका, तो कितीही सुरळीत चालत असला तरी.

*

विवाल्डी. भाषांतर करते; एकाच खिडकीत डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे शब्दकोश. टॅबचे गठ्ठेही करता येतात. मला एवढं पुरतं.

*

मी यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी फायरफॉक्स धरून आहे. क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमांनंतर त्याची लाइट आवृत्ती उरली, इथे पूर्ण चालतो. घरातल्या वयस्कर मंडळींच्या कॉम्प्युटरवर मी तो सगळ्यात आधी टाकतो, कारण जाहिरातींमधली 'डाउनलोड'ची खोटी बटणं त्यांना खरी वाटतात. शिवाय कंटेनर टॅब, म्हणजे वेगवेगळी लॉगिन वेगळी ठेवणारे टॅब! ऑफिसचं आणि घरचं ईमेल एकाच खिडकीत, शेजारी शेजारी.

*

कंटेनरसाठी मोझिलाचं मल्टि-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन घ्या. आणि ब्राउझर बदलताना पासवर्डची सीएसव्ही फाइल काढली असेल, तर इम्पोर्ट झाल्याबरोबर पुसून टाका, रिसायकल बिनमधूनसुद्धा. त्यात सगळे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येतात.