पुन: पुन: शनिवारची प्रश्नमंजुषा, प्रश्न ७ (आज रात्री छापायला!)

मंडळी, प्रश्न ७: ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड कुठल्या मतदारसंघाच्या खासदार होत्या? उत्तर ‘लेलॉर’ टाकलंय. हरकत असेल तर दहाच्या आत कळवा. स्टेजवर वाद नकोत, गुढीपाडव्याला झालं तेवढं पुरे.
– सचिव

*

हरकत! लेलॉर म्हणजे आमचं मेलबर्नच्या उत्तरेचं उपनगर, ते स्कलिन मतदारसंघात येतं. बाईंचा तो ‘लॉलर’, पार पश्चिमेला. इंग्रजी स्पेलिंग एकच, दोन्ही नावं युरेकाच्या (१८५४चं सोन्याच्या खाणवाल्यांचं बंड) पुढाऱ्याची, पीटरचीच, पण उच्चार वेगळे. पाहुणेसुद्धा चुकून आमच्याकडे येतील अशानं.
– लेलॉरकर

*

लॉलरच. २०१० साली माझं पहिलं मत तिथल्याच वेरिबीत, आणि मतपत्रिकेवर साक्षात पंतप्रधानांचं नाव! नावांपुढे पसंतीचे आकडे घालताना हात थरथरत होता. मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजणं चालू होतं. मी शाकाहारी, म्हणून पावात नुसता परतलेला कांदा घेतला.

पण प्रश्नच पुचाट आहे हो. बाई एका दमात वर गेल्या नाहीत. जन्म वेल्समधला, १९६६ला ॲडलेड, मग मेलबर्नला कामगारांची वकिली. १९९६ला सिनेटच्या निवडणुकीत पडल्या, मग राज्यातले विरोधी पक्षनेते ब्रम्बी यांच्या कार्यालयात नोकरी, तेव्हा कुठे १९९८ला लॉलर. पडल्या कधी, ते विचारा मुलांना.
– वेरिबीवाले काका

*

काका, कांद्यावरून आठवलं. शनिवारच्या भज्यांसाठी दहा किलो कांदा कोण आणतंय? गेल्या खेपेचे पैसे अजून मिळालेले नाहीत.
– उपाहार समिती

*

प्रश्न सहा वर्षं मीच काढतेय, ‘पुचाट’ कुणी म्हटलं नव्हतं. काकांना हौस असेल तर पुढच्या वर्षी त्यांनी काढावेत. आणि लॉलरमध्ये गिलार्डबाईंच्या आधी २१ वर्षं कोण होतं? बॅरी जोन्स! टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचे गाजलेले विजेते. भारताच्या पहिल्या गव्हर्नर जनरलचा प्रश्न आला, तर हेस्टिंग्ज फक्त बंगालचा होता म्हणून सूत्रसंचालकाशीच वाद घातला त्यांनी. तेव्हा भांडण त्या जागेची परंपराच आहे म्हणा.
– प्रश्नमंजुषा

*

स्पेलिंग एकच ना? मग दोन्ही उत्तरांना गुण द्या आणि मिटवा.
– खजिनदार

*

खजिनदारसाहेब, उत्तरं देवनागरीतच लिहायची हा ठराव तुम्हीच आणलात! ‘लॉलर’ करून पाठवतेय. काका, तुमचा प्रश्न ८ म्हणून घेतलाय, चालेल ना?

कांद्याचं अजून कुणी बोललेलं नाही.
– सचिव