दहावीनंतर चित्रकला शिकवायची आहे, मुंबईत कुठे आणि कसं? सल्ला हवा

विक्रोळीची आई
मुलगी नववीत आहे, महापालिकेच्या शाळेत. घरात कोरा कागद टिकत नाही. परवा विजेच्या बिलामागे आजीचे लसूण सोलणारे हात काढून ठेवले होते, अंगठ्याच्या काळ्या पडलेल्या नखासकट. सरकारी चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरीला ए ग्रेड आहे, आता पुढच्या इंटरमिजिएटला बसवतेय.

माझा आतेभाऊ न्यूयॉर्कला असतो. त्याची लेक तिथल्या लाग्वार्डिया हायस्कूलमध्ये आहे. सरकारी शाळा, फी नाही, प्रवेश काढलेली चित्रं बघून, आणि नववीपासून इतर विषयांबरोबर रोज चित्रकला. ते ऐकल्यापासून डोक्यात तेच आहे. आपल्या इथे हिला कुठे घालू? घरचे म्हणतात, कॉमर्स घे आणि छंद म्हणून काढ चित्रं. मला ते पटत नाही.

लालबागकर
ताई, आपल्याकडे वाट दहावीनंतर फुटते. एक म्हणजे दहावी झाली की एक वर्षाचा फाउंडेशन आणि पुढे पदविका. दुसरी म्हणजे बारावी करून बीएफए, म्हणजे पदवी. बीएफएसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे घरच्यांच्या कॉमर्सशीही भांडण नाही. मी फाउंडेशनवाला. हात लवकर तयार झाला, पण नोकरीच्या वेळी दोनदा पदवी विचारली. माझा सल्ला बारावीचा.

फाउंडेशनला घालणारच असाल तर संस्थेला राज्य सरकारच्या कला संचालनालयाची मान्यता आहे का, ते आधी कागदावर बघा. माझ्या भाच्याचं अख्खं वर्ष यात गेलं. संस्थेने 'मान्यता येतेच आहे' म्हणत फी घेतली, ती शेवटपर्यंत आली नाही.

खडू आणि फळा
मी कलाशिक्षिका आहे. इंटरमिजिएट मनापासून करून घ्या. दहावीला ए ग्रेडचे 7, बीचे 5 आणि सीचे 3 वाढीव गुण मिळतात, पण मला महत्त्वाचे ते गुण नाहीत. स्थिरचित्र, स्मरणचित्र (न बघता आठवून काढायचं), संकल्पचित्र (डिझाइन) यांचीच मोठी भावंडं बीएफएच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत भेटतात. तिथे वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञानाचा पेपर असतो.

महागड्या क्लासची घाई करू नका. एका क्लासमधून आलेल्या माझ्या सात मुलांच्या स्मरणचित्रात एकच बाई होती! तीच छत्री, तोच पदर, तसाच वळलेला उजवा हात. बाजार, बसथांबा, विसर्जन अशी तीन चित्रं पाठ करून घेतली होती. विषय बदलला आणि मुलं कागदाकडे बघत बसली. फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या दोघांची रेघ खरंच चांगली होती.

तुमच्या लेकीने आजीचे हात बघून काढलेत, तेच चालू ठेवा. स्टेशनच्या पुलावर उभं राहून दहा मिनिटं रेखाटनं करायची. माणूस कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे, हे आधी बघायचं. घरी आल्यावर तोच माणूस न बघता काढायचा. स्मरणचित्राची तयारी म्हणजे हीच.

आसावरी
मी बीएफए तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एकदा काळा घोड्याला न्या. जहांगीर कलादालनात फुकट जाता येतं. शक्यतो चित्रकार स्वतः हजर असेल तेव्हा जा आणि तिला बोलू द्या. बरेच जण लहान मुलांशी छान बोलतात. सीएसएमटीजवळच्या जेजे कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शनही दाखवा. 1857 पासूनची संस्था आहे. विद्यार्थ्यांची कामं भिंतीवर बघितली की नेमकं काय शिकायचंय ते मुलांना कळतं. मला तिथेच कळलं होतं. 2023 मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे प्रवेशाच्या सूचना थेट त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि खर्चाचं आधी बोलून ठेवा. फीपेक्षा मला रंग, कागद, कॅनव्हास यांनीच जास्त पिळलं. सीनियर उरलेला कागद आणि बोर्ड देतात, मागायला लाजू नये.

विक्रोळीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. बारावी करून बीएफए, हे घरी सांगितलं. ह्यांनी विरोध केला नाही, फक्त 'बारावीला टक्के पाहिजेत' म्हणाले. बाई, तुमचं पुलावरचं तिला वाचून दाखवलं. आज संध्याकाळी विक्रोळी स्टेशनवर गेलो होतो. तिने केळीवाल्या मावशी काढल्या. घरी येऊन वही मिटून पुन्हा काढल्या, तर टोपली जमली पण पाय आठवले नाहीत. उद्या पुन्हा जायचं म्हणतेय.