देवीनं तुम्हाला कधी सावरलंय? अनुभव लिहा

घट बसायला आठवडा राहिला, तुळजापूरला आई निद्रेला गेली, म्हणून धागा काढतेय. मंचकी निद्रा म्हणजे नुसतं म्हणायला नाही, मूर्ती खरोखर सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. वर्षातून तीनदा. आत्ताची घोर निद्रा, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. लहानपणापासून ऐकत आले पण अर्थ लागला सासूबाईंच्या आजारपणात. दोन वर्षं रात्रीची जागरणं, दिवसा ऑफिस, आणि जरा आडवी झाले तरी चोरी केल्यासारखं वाटायचं. दसऱ्याला आईचा फोन आला, मी बोलता बोलता रडायलाच लागले, तर म्हणाली, "अगं महिषासुराला मारून आलेली ती, तीपण पाच दिवस पडून राहते, आणि तू कोण लागून गेलीस?" त्या दुपारी नवऱ्याला सासूबाईंजवळ बसवलं, दार लोटलं आणि तीन तास झोपले. आता दरवर्षी दसरा ते कोजागरी दुपारची झोप मी सोडत नाही. स्वतःचं लिहा, ऐकीव नको.

* * *

ताई, मी कोजागरीला चालत जातो. सोलापुरात रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, तुळजापूर ४५ किलोमीटर. वडील गेले त्या वर्षी पहिल्यांदा गेलो, घरात मोठा मी, म्हणून कुणासमोर रडलो नव्हतो. तामलवाडीच्या पुढे पहाटे पाय उचलेनात, एका मांडवात टेकलो तर एक अनोळखी आजोबा आले, न विचारता माझी टाच मांडीवर घेतली आणि तेल चोळायला लागले, हात अगदी वडिलांसारखे खरबरीत. "आई राजा उदो उदो" म्हणाले आणि मला जो हुंदका फुटला तो थांबेचना. ते काही बोलले नाहीत, दुसरा पाय घेतला.

* * *

एक सांगते, रागावू नका. मला डिप्रेशन होतं, गोळ्या चालू होत्या, त्यात आरतीनं बरं वाटायचं म्हणून मनानंच गोळ्या बंद केल्या आणि लई त्रास झाला. आता दोन्ही चालू आहे.

* * *

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. आमच्याकडं बतुकम्मा असते, म्हणजे फुलांची देवी, ताटात फुलं गोल रचत वर निमुळती करत न्यायची, शेंड्यावर हळदीची गौरम्मा. आई दिवसभर बिड्या वळायची, मान वर करायची नाही. त्या नऊ दिवसांत मात्र संध्याकाळी टाळ्या वाजवत फेर धरायची तेव्हा तिचा आवाज सगळ्यात वर. आई गेल्यावर दोन वर्षं मी गेलेच नाही. तिसऱ्या वर्षी शेजारणीनं हात धरून फेरात ओढलं, आणि आईची सगळी गाणी मला येत होती की, कधी शिकले कुणास ठाऊक.

* * *

माझा जोगवा. काम सुटलं होतं, दोन महिने कुणाला कळू दिलं नाही, मागायचं म्हणजे जीवावर यायचं. सासूनं मंगळवारी परडी हातात दिली, म्हणाली पाच घरं माग, देवीच्या नावानं मागायला लाज कसली. चौथ्या घरातल्या काकूंनी सुपातनं ज्वारी घातली आणि परडी धरूनच ठेवली. "वाळलीस गं, काय झालंय?" उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. पाचव्या घरी जायला अंधार पडला.