थ्रस्ट एसएससीला टायर का नव्हते?

चाकवेडा:
१९९७ मध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने जी थ्रस्ट एसएससी गाडी आवाजाच्या वेगापुढे नेली तिचे फोटो बघत होतो, चाकांवर रबर दिसतच नाही. मग पकड कशी मिळायची?

गॅरेजवाला:
चाकं भरीव अॅल्युमिनियमची होती रे. त्या वेगात चाक इतकं गरगरतं की रबर फाटून चिंध्या होतील. आणि गाडी चाकांच्या जोरावर पळतच नाही, फँटम विमानाची दोन रोल्स रॉइस स्पे जेट इंजिनं तिला ढकलतात, चाकं फक्त भार पेलतात आणि दिशा देतात.

सायली_मेक:
मला तर स्टिअरिंगचं जास्त नवल वाटतं, ते मागच्या चाकांना होतं! पुढे दोन्ही बाजूंना अजस्त्र इंजिनं, मग चाकं वळायला जागा कुठून आणणार. खरी भीती नाक उचललं जाण्याची, आवाजाच्या वेगाजवळ हवेचा दाब झपकन बदलतो, नाक जरासं वर आलं की दहा टनी गाडी हवेतच. म्हणून गाडीवरच्या हवेच्या दाबाचं गणित सांभाळणाऱ्या रॉन एअर्सनी आधी रॉकेट लावून छोटं मॉडेल पळवून आकडे ताडून पाहिले.

गॅरेजवाला:
अगदी. आणि ग्रीन हवाई दलाचा फायटर पायलट, गाडी बाजूला ओढली जात असताना स्टिअरिंग भरपूर वळवून धरायचा, तेही डोकं शांत ठेवून. रेकॉर्डसाठी तासाभरात उलट दिशेनेही पळावं लागतं, म्हणजे आत्ताच जे सोसलं त्यात लगेच पुन्हा बसायचं. १५ ऑक्टोबरची सरासरी ताशी १२२७.९८५ किमी! माझ्यासाठी तो माणूस हिरोच आहे.

चाकवेडा:
मागच्या चाकांचं माहीतच नव्हतं, भारी! थांबवायचे कसे, पॅराशूट?

सायली_मेक:
हो, आधी पॅराशूट, वेग उतरला की मग ब्रेक.